चौथ्या गाण्यातला श्वास

४ ऑगस्ट, फ्रान्सिसटाउन

गाओने माझ्या स्टुडिओत परत आला. चामड्याचं जाकीट, कमरेला साखळ्या, हातात मगविन्या, पिठाचे तळलेले गोळे! त्याच्या बँडची आठही गाणी इथेच रेकॉर्ड आणि मिक्स करून झालीत, आता फक्त आवाज चढवायचा. "मामा, दुसऱ्यांच्या गाण्यामागून आमचं लावलं की शेजारच्या घरात वाजतंय असं वाटतं. चढवा की!"

५ ऑगस्ट

चढवला. लिमिटर म्हणजे छत. ड्रमचे फटके तिथे दाबायचे, मग खालचं सगळं वर ओढता येतं. सगळं म्हणजे सगळं. चौथ्या गाण्यात किंकाळीआधी वाद्यं थांबतात. चार सेकंद. तिथे कोणीतरी श्वास घेतंय.

६ ऑगस्ट

आणखी तीन डेसिबल. ड्रम चपटे झाले, पत्र्यासारखे वाजतात. श्वास मात्र जवळ आला. ओला. घरघरणारा. मध्येच अडकतो!

बोइपेलो जेवण घेऊन आली. बायकोच्याच कानाला हेडफोन लावला. तिने झटकन काढला. "कोण आहे हा? बंद करा ते." ताट ठेवून निघून गेली.

८ ऑगस्ट

मोएमेदीला बोलावलं. गाणारा तोच. ऐकून चेहरा उतरला — "माझे वडील शेवटी असाच श्वास घ्यायचे."

गाओने म्हणतो, पुसून टाका मामा, त्यात काय! मी पुसत नाही. मोएमेदीला सांगितलं, आधी छातीचा फोटो काढ. शपथच घातली.

११ ऑगस्ट

दिवसभर वारा, धूळ. दुसरं काम घेतलं नाही. तीच चार सेकंदं ऐकतोय.

१३ ऑगस्ट

मोएमेदी फोटो नाचवत आला. छाती स्वच्छ! मग खुर्ची ओढून हळूच म्हणाला, "मामा, एक सांगू? किंकाळीआधी मी श्वास रोखून धरतो. नाहीतर ती निघतच नाही. तो मी नाहीच."

त्याचा आवाज रेकॉर्ड केला त्या दिवशी गाओने काय, बँडमधलं दुसरं कुणीच आलं नव्हतं. माझ्याकडे एकच खोली, गाणाऱ्याच्या आणि माझ्यामध्ये काच नाही. मोएमेदी माइकपुढे उभा. त्याच्यामागे हातभर अंतरावर, स्टुलावर, मी.

१४ ऑगस्ट, इस्पितळ

डॉक्टरीणबाईंनी नळी पाठीला लावली. "घ्या श्वास." घेतला. "पुन्हा." घेतला. त्यांनी नळी कानातून काढली. "घरून कपडे आणून देईल का कुणी?"