चावी मागायचा प्रश्नच नाही

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. शेवटी शेवटी हाताच्या शिरा सापडेनात, म्हणून औषध सोडायला डॉक्टरांनी माझ्या छातीत एक डबी बसवली आहे, त्यामुळे पालथं पडायला मनाई आहे. प्रत्यक्षात खुर्चीत बसून मान तेवढी वाकवली. ती पोहोचली असं समजावं.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? मामी लिहितात की सायकलचं दुकान आता मुलगा बघतो आणि तुम्ही नुसते बसता. तुम्ही लिहिता की दुकान तुम्ही बघता आणि मुलगा नुसता बसतो. दोघांचंही खरं असणार, म्हणजे दुकान कुणीच बघत नाही. तरी चालतंय हे वाचून बरं वाटलं. आमच्या ऑफिसातही नकाशे असेच निघतात.

पहिलीच गोष्ट, हे पत्र चावीसाठी नाही. चावी तुमच्याकडे आहे, तिथे सुखात आहे, आणि मला तिची आठवणही येत नाही. (दुकानात खिळ्याला अडकवली असेल तर गंजेल. तेलाचं बोट फिरवून ठेवावं, एवढंच.) ती रजिस्टर पोस्टाने पाठवताना तुमच्या भाचेसुनेने चार ओळी लिहिल्याच असतील, पण त्यात माझी बाजू नसणार. माझी बाजू अशी. दुसऱ्या फेरीच्या दिवशी ही फाइल घेऊन बसने पुढे गेली आणि मी ‘मागून चालत येतो’ म्हणालो. (औषधाच्या एका खेपेला डॉक्टर लोक सायकल म्हणतात. माझ्या सहा ठरल्या होत्या. त्यावर करण्यासारखे सगळे विनोद ऑफिसातल्यांनी करून संपवले आहेत, तुम्ही नव्याने त्रास घेऊ नये. मी फेरी म्हणतो.) ही पोहोचली तेव्हा मी आधीच खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होतो. तिला काही कळलं नसतं, पण विजारीच्या उजव्या पायाला क्लिप तशीच राहिली होती. तिने क्लिपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना विचारलं की ह्यांच्या अंगात रक्त थांबवणाऱ्या पेशी सध्या किती आहेत. डॉक्टरांनी आकडा सांगितला. मग तिने विचारलं, सायकलवरून पडले तर? डॉक्टर म्हणाले, पडले तर ते थांबतील, रक्त थांबणार नाही. त्याच संध्याकाळी सायकलला साखळी आणि कुलूप आलं. चावी मामांकडेच का, असं मी हिला विचारलं. म्हणाली, “माझ्या माहेरी ठेवली असती तर चार दिवसांत गोड बोलून काढून घेतली असतीत. मामांपुढे तुमचं तोंड उघडत नाही.” हे तुमचं कौतुक आहे की माझं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

गाठी केवढ्या आहेत असं तुम्ही विचारलं होतंत. कागदावर मिलिमीटर आहेत, त्यांचा तुम्हाला उपयोग नाही. मानेतली आधी घंटीच्या वाटीएवढी होती. दुसऱ्या फेरीनंतर पुढच्या चाकातल्या छर्‍याएवढी झाली. आता बोटाला लागत नाही. काखेतल्या दोघी तिच्या मागोमाग गेल्या. लिम्फोमा हा आजार रक्ताचा की गाठींचा, असा तुमचा दुसरा प्रश्न होता. मी डॉक्टरांना विचारला. त्यांनी कागदावर आकृती काढली, मी ती सुधारून दिली, आणि आम्ही दोघेही समाधानाने उठलो, पण उत्तर राहून गेलं. केस सगळे गेले, भुवयांसकट. पायांवरचेसुद्धा गेले. शर्यतवाले त्यासाठी वस्तरा घेऊन बसतात, मला फुकट मिळालं आणि वापरायला रस्ता नाही. डॉक्टर दर फेरीला पाठीवर हात ठेवून ‘आम्ही आहोत ना’ म्हणतात. ते ऐकलं की मला शाळेमागचं मैदान आठवतं. मी सात वर्षांचा, पाय पॅडलला अर्धेच पोचतायत, आणि मागून तुमचा आवाज, “धरलंय, धरलंय!” दोन चकरांनी वळून पाहिलं तर तुम्ही दुकानाच्या पायरीवर पंक्चर काढत बसला होतात आणि तिथूनच ओरडत होतात. मी लगेच पडलो. (डॉक्टरांकडे मी वळून पाहत नाही.)

आता मुख्य हकीकत. माझ्या नावाने दवाखान्यात एक चौकशी झाली आणि तिच्या मुळाशी तुम्ही आहात, म्हणून तुम्हाला कळवणं भाग आहे. आमच्या वॉर्डात आठ खुर्च्या आहेत. पाठ मागे जाते, खाली चार चाकं. प्रत्येकीशेजारी सलाईनचा एक स्टँड, त्याला पाच चाकं. माझ्या स्टँडची चार चाकं फिरत आणि पाचवं फरफटत येई, आणि संबंध स्टँड डावीकडे ओढे. लाल औषध सुरू असताना माणसाला संडासबाथरूमच्या फार खेपा होतात. प्रत्येक खेपेला मी आणि तो डावीकडे वळून कपड्यांच्या खोलीत जात असू. पहिल्या दोन फेऱ्या सोसल्या. करकर ऐकून जो गप्प बसतो त्याने घोडा पाळावा, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात ते कानात होतंच. तिसऱ्या फेरीला फळांच्या पिशवीत, संत्र्यांच्या खाली, दोन पाने, ग्रीसची डबी, तेलाची बुधली आणि चिंध्या घेऊन गेलो. चाकात केस निघाले. पाच-सहा वर्षांचे, निरनिराळ्या लोकांचे. (त्या वॉर्डात केसांची टंचाई नाही.) डाव्या हाताला सुई असल्यामुळे उजव्यानेच काम केलं. चाक टिचकी मारून सोडलं की पाणी पिऊन येईपर्यंत फिरत राहिलं पाहिजे, हा तुमचा नियम. मी पाणी पिऊन आलो, ते फिरत होतं.

शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त न्यायाधीश असतात. त्यांनी चष्मा वर करून सगळी कारवाई पाहिली आणि म्हणाले, “आमचंही प्रकरण दाखल करून घ्या.” मी त्यांचा स्टँड केला. पलीकडच्या आजींचा केला. चौथ्या फेरीला मोठ्या सिस्टरनी स्वतःच औषधांची ढकलगाडी माझ्यापुढे आणून लावली आणि मान वळवून उभ्या राहिल्या, म्हणजे मी जे काही केलं ते त्यांनी पाहिलं नाही. मग उरलेले स्टँड आणि आठही खुर्च्या केल्या. खुर्च्यांना ब्रेक होते, पण त्यांच्या पट्ट्या चाकाला घासत होत्या. घासणारा ब्रेक तुम्ही कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नाहीत. मी सगळे सैल केले. इथे माझं चुकलं असं चौकशीत ठरलं आहे. मला ते तत्त्वतः मान्य नाही.

पाचव्या फेरीला, सकाळी अकराच्या सुमारास, वॉर्ड निघाला. हे वाक्य मी दोनदा तपासलं, दुसरं वाक्य सुचत नाही. आधी न्यायाधीशांचा स्टँड हलला. ते झोपले होते. नळी ताणली गेली, त्यांचा हात वर उचलला गेला आणि कुणाला तरी दाखवल्यासारखा समोर रोखला गेला. मग हातामागून खुर्ची निघाली. मग आजी. मग मी. त्या इमारतीची जमीन पूर्वेकडे उतरती आहे, मामा. बांधल्यापासून तशीच होती, पण एकही चाक मोकळं फिरत नसल्यामुळे ती कुणाला कळली नव्हती. वेग फार नव्हता, गोगलगायीने पाहिलं असतं तर वाट दिली असती. आठ खुर्च्या, आठ स्टँड, सगळे औषध घेत घेत, आवाज न करता, मोठ्या सिस्टरच्या टेबलाकडे निघाले होते. (आवाज अजिबात नव्हता. तुम्हाला अभिमान वाटला असता.) मी तिसरा होतो. स्पर्धेत मी आजवर इतका पुढे कधीच नव्हतो. खरं सांगायचं तर ओरडून कुणाला बोलावणं माझं कर्तव्य होतं, पण तोंडावर किंचित वारा लागत होता. तीन महिन्यांनी लागत होता. मी आजींना उजव्या बाजूने मागे टाकता येईल का याचा अंदाज घेऊ लागलो.

मोठ्या सिस्टर रजिस्टर लिहीत होत्या. मान वर केली तर टेबलाभोवती सगळा वॉर्ड. त्या म्हणाल्या, “तुम्हाला कुणी बोलावलंय?” त्यावर न्यायाधीश जागे झाले, समोर टेबल, रजिस्टर आणि गर्दी पाहून सावरून बसले आणि म्हणाले, “पुढची तारीख द्या.” सिस्टरनी सवयीने दिली.

चौकशी दोन दिवस चालली. कुणाचीही सुई निघाली नव्हती आणि औषधाचा एक थेंब सांडला नव्हता, त्यामुळे आरोप काय ठेवायचा हे त्यांना सुचेना. दवाखान्याचं म्हणणं, जमीन सपाट आहे आणि दोष माझ्या ग्रीसचा. त्यावर मी ऑफिसातून उतार बघायची पाणसळ मागवली, मोजणी केली आणि वॉर्डाचा नकाशा काढून दिला, सेंटिमीटरच्या अंतराने उंचीच्या रेषा घालून. खिडकीपासून टेबलापर्यंत अकरा सेंटिमीटरची उतरण आहे. सगळ्यात उंच जागा माझ्या खुर्चीची. नकाशा चांगला उतरला म्हणून तो मोठ्या सिस्टरच्या मागे भिंतीवर लावला आहे, आणि नवे पेशंट त्याला छातीचा फोटो समजून लांबूनच घाबरतात. उपाय म्हणून जमीन सरळ करायला वॉर्ड सहा महिने बंद ठेवावा लागला असता. त्यापेक्षा चाकं पुन्हा बिघडवावीत असं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं. हात धजला नाही. शेवटी न्यायाधीशांनी बँडेजची चिंधी प्रत्येक चाकात स्वतः कोंबली, आणि माझ्या स्टँडपाशी आल्यावर म्हणाले, “नाइलाज आहे.” सहाव्या फेरीला दारात पिशवी तपासली. संत्री एकेक करून बाहेर काढली. शेवटची फेरी मी डावीकडे ओढला जात पुरी केली.

परवा स्कॅन झाला. स्वच्छ आहे. पेशींचा आकडाही वर आला. तीन महिन्यांनी पुन्हा बघतील, तोवर आनंद जपून करावा असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा इकडे सगळं ठीक, तुम्ही तब्येतीला जपा, मामींना नमस्कार, आणि तुमच्या मुलाला सांगा की नुसतं बसणं हे वाटतं तितकं सोपं नाही. मी सात महिने केलं आहे.

तुमचा भाचा

ता. क. अरे हो, विषय निघालाच आहे तर चावी. डॉक्टरांनी थोडी थोडी सायकल चालवायला हरकत नाही असं लेखी दिलं आहे. (मीच लिहिलं, त्यांनी सही केली.) आता अडचण काय ती चावीचीच. ती नसल्यामुळे मी घरात अडकून पडलो आहे, नाहीतर आज सकाळीच धरणापर्यंत जाऊन आलो असतो. तेव्हा उलट टपाली पाठवावी, रजिस्टरने.

ता. क. २. मामा, नमस्कार. हे मी लिहिते आहे, अक्षरावरून कळलंच असेल. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणजे मी वाचणार हे ह्यांना माहीत आहे. चावी पाठवली काय, न पाठवली काय, सारखंच. गुरुवारी दुपारी ह्यांनी कुलूप तारेने उघडलं. तुम्हीच शिकवलं असणार. मी वरून खिडकीतून पाहत होते. दहा-बारा पावलं गेले असतील, मग भिंत धरून उभे राहिले. बराच वेळ उभे होते. मग सायकल परत आणून साखळी घातली, कुलूप लावलं, वर आले आणि म्हणाले, “चावी असती तर आज फिरून आलो असतो.” मी म्हटलं, “हो ना.”

ता. क. ३. वरचा मजकूर वाचला. भिंतीला रंग द्यायचा आहे, तो पाहत होतो. बारा नव्हे, चौदा पावलं.

चावी पोस्टाने पाठवू नका, मामा. पोस्टात फार वस्तू हरवतात. तुम्ही स्वतः घेऊन या. आणि आलातच तर घरामागच्या गल्लीत पाच मिनिटं मागून सीट धरा. ह्या वेळी खरोखर धरा, मी वळून बघणार आहे. तुमच्या गुडघ्यांना पळणं जमत नाही असं मामी लिहितात, पण त्याची काळजी नको. सध्या माझा वेग तुमच्या गुडघ्यांएवढाच आहे.