आत्याचा होकार, व्हाया घाना

गोळीबार चौक, नागपूर
रविवार, दुपार

तीर्थरूप रुपरावकाकांना धनश्रीचा वाकून नमस्कार, दोन्ही पायांना वेगवेगळा. (निघायच्या दिवशी घाईत एकाच पायाला हात लागला होता. टोगोपर्यंत तेच डोक्यात होते.)

तुमचा खोकला आता बसला असेल. काकूंचा गुडघा कसा आहे? इकडे बाबांचे प्लास्टर निघाले. ते घरातल्या घरात चालतात आणि प्रत्येक फेरीला 'माझ्या जागी तुम्ही जाऊन आल्या' असे भिंतीकडे बघून म्हणतात. आई त्यांना म्हणते, "मंग मी का अजगर पाहून आली काय? मी बी इथंच होती ना, तुमचा पाय धरून." आईच्या आणि बाबांच्या अशा दोन जागा रिकाम्या झाल्या, म्हणूनच अनुसया आत्या आणि मी पश्चिम आफ्रिकेला जाऊ शकलो, याची मला पूर्ण जाणीव आहे. ती मी रोज सकाळी चहाबरोबर व्यक्त करते.

फोन करू नकोस, आत्या शेजारी बसून ऐकते, काय ते लेखी कळव, असे तुम्ही बजावले होते. म्हणून लेखी कळवते. आधी मुद्द्याचे: आत्याने माग द्यायला होकार दिला आहे. स्वतःच्या तोंडाने, चार लोकांसमोर दिला. तुम्ही सोपवलेले काम झाले. पत्र इथेच संपवले असते तर सगळ्यांनाच बरे वाटले असते, पण अर्धे सांगून गप्प बसणे म्हणजे खोटे बोलणेच, असे आपल्या घरात मला अक्षरओळखीच्या आधी शिकवले गेले. शिकवणाऱ्यांत तुम्हीही होतात, तेव्हा पुढचे वाचणे तुम्हाला भाग आहे.

हे पत्र काकूही वाचणार (काकू, नमस्कार) आणि त्यांना तुम्ही काही सांगितले नसणार, म्हणून थोडक्यात सांगते. काकू, तुमच्या उमरेडच्या घरात पुढच्या खोलीत जो माग उभा आहे, तो आत्याचा. तिने त्यावर लुगडी विणली, मग लुगडी नेसणाऱ्या कमी झाल्या, आणि आत्या आमच्याकडे नागपूरला राहायला आली. आता रामटेककडे एक नवे रिसॉर्ट होते आहे. त्यांना हा माग दाराशी शोभेला ठेवायचा आहे, वरून पिवळे दिवे सोडून, मध्ये फुलांची कुंडी ठेवून. काकांचे म्हणणे, खोली मोकळी होईल. आत्याचे म्हणणे, "माह्या मागावर कुंडी ठेवतीन काय रे ते?" बहिणीच्या तोंडून हो आल्याशिवाय मागाला हात लावणार नाही, असे काकांनी कबूल केले (काका, हा तुमचा मोठेपणा) आणि ते हो वदवून घ्यायची जबाबदारी माझ्यावर टाकली. प्रवासात माणूस खूश असतो, तेव्हा विषय काढ, असा तुमचा सल्ला होता. काका, तुम्ही प्रवास फार केलेला दिसत नाही.

आमचा बारा माणसांचा ग्रुप, आणि ग्रुपचे मॅनेजर भैय्याजी. हे आपल्या सक्करदऱ्याचे. त्यांचा सगळ्या संकटांवर एकच उपाय: "टेन्शन नका घेऊ ना ताई." घानात उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी बसने टोगोच्या सीमेवर गेलो. (एका देशातून दुसऱ्या देशात आपण चालत गेलो, आणि पलीकडे गेल्यावर लोक एकदम फ्रेंच बोलू लागले! मी लसीचे पिवळे कार्ड गळ्यात अडकवले होते. आत्या म्हणाली, बैलाले बिल्ला लावल्यावाणी दिसते.) येण्याचा उद्देश विचारला तर 'टुरिझम' एवढा एकच शब्द उच्चारा, असे भैय्याजींनी तीनदा सांगितले होते. पण सरकारी माणसासमोर अर्धवट बोलायचे कसे? मी सांगितले की संस्कृती आणि वन्यजीव पाहणे, शिवाय आत्याला तिचा माग द्यायला राजी करणे. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवले. आमचा घानाचा गाईड क्वेसी याला बोलावून त्याने सगळी हकीकत समजून घेतली. मागे रांग वाढत होती, आणि भैय्याजी कपाळावर हात मारून घेत होते. त्या अधिकाऱ्याची आई टोगोच्या राजधानीत, लोमेच्या बाजारात कापड विकते म्हणे. आईच्या हातून कापड मोजायचा गज काढून घ्यायची कोणाची हिंमत आहे, असे त्याने मलाच विचारले. आत्याच्या पासपोर्टवर त्याने शिक्का मारला आणि तिला सलाम केला. माझ्या पासपोर्टवर त्याने सगळ्यात शेवटी शिक्का मारला, तोही वाकडा.

क्वेसी जे बोलला ते आत्याला समजले नाही, असे मी धरून चालले होते. ती बसमध्ये शेंगदाणे खात खिडकीबाहेर बघत होती.

मग बेनिन. तिथे विदा नावाच्या गावात अजगरांचे देऊळ आहे. अजगर तिथे नुसते मोकळे पडलेले असतात, आपल्याकडे उन्हाळ्यात कुत्री सावलीला पडतात तसे. पुजारी एकेकाच्या गळ्यात अजगर घालतो आणि फोटो काढू देतो. आमच्या ग्रुपमधल्या पार्वतीबाई (कळमेश्वरच्या, निवृत्त मुख्याध्यापिका) तो पाहूनच बसमध्ये जाऊन बसल्या. आत्याने मात्र पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली आणि अजगराचे कपाळ कुठे संपते ते शोधू लागली. पुजाऱ्याला हे इतके आवडले की त्याने तिच्या गळ्यात दोन अजगर घातले. काका, माझ्या मनात आले की आता आत्या खूश आहे, आणि उठून जाऊही शकत नाही. अशी वेळ पुन्हा यायची नाही. मी विचारले, "आत्या, मागाचं काय ठरवलं?"

"गळ्यात साप असतांनी विचारते काय वं हे?" आत्या म्हणाली. मग डबीचे झाकण लावत, "काहून वं, दादानं शिकवून धाडलं काय तुले?"

मी हो म्हणाले. दुसरे काय म्हणणार? देऊळ होते.

तेव्हापासून तुमची गुप्त मोहीम गुप्त राहिली नाही, हे मान्य करते. आत्या रागावली नाही, उलट तिला मजा येऊ लागली. सकाळी नाश्त्याला ती मला मोठ्याने विचारायची, "आज कुठं इचारशीन? पान्याजवळ का झाडाखाली?" ग्रुपमधल्या लोकांनाही मग कळले, आणि त्यांच्यात दोन पक्ष पडले. पार्वतीबाई तुमच्या बाजूच्या होत्या. भैय्याजी कोणाच्याच बाजूने नव्हते, त्यांना फक्त बस वेळेवर निघायला हवी होती.

तिथून परत घानात येऊन आम्ही उत्तरेला मोलेच्या जंगलात गेलो. हत्ती पाण्यावर आले होते, काका! आम्ही पायी होतो आणि पुढे बंदूकवाला रेंजर. त्याने तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केले. एक हत्ती पाण्यात बसला, पिल्लाने त्याच्या अंगावर चढायचा प्रयत्न केला आणि घसरले, आणि आम्ही बाराजण श्वास धरून उभे. आत्याचे डोळे भरले होते. मी काहीच विचारले नाही (मलाही कळते हो), तर तीच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दादाले म्हणा, याले बी नेऊन ठेव म्हणा रिसॉर्टच्या दाराशी. सोंडेत कुंडी देजो म्हणा." तिच्या मते ही कुजबुज होती. हत्ती निघून गेले. रेंजरने आमच्याकडे असे पाहिले की मी त्याची माफी मागितली, आत्याच्या वतीने, ग्रुपच्या वतीने आणि थोडी तुमच्याही वतीने. त्याच संध्याकाळी आमच्या खोलीत बबून (तिकडची मोठी माकडे) शिरले आणि त्यांनी संत्रा बर्फीचा अख्खा डबा पळवला. झाडावर बसून ते एकेक तुकडा सोलून बघत होते. आत्या खालून ओरडली, "अबे, साल नसते त्याले!" त्या रात्री ती इतकी हसली की विषय काढायचे राहूनच गेले.

आता खरा प्रसंग. शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही कुमासीजवळ बॉनवायर नावाच्या गावी गेलो. विणकरांचे गाव. तिथे केंटे नावाचे कापड विणतात. रंग असे की आपल्या करवतकाठी लुगड्याने मान खाली घालावी. (घालणार नाही, पण घालावी.) माग लहानसा, लाकडी चौकटीचा. ताणा, म्हणजे उभे सूत, समोर लांबवर अंगणात गेलेला आणि टोकाला दगड बांधलेला. पायाने दाबायच्या पावड्या नाहीत, त्याऐवजी दोऱ्या पायाच्या अंगठ्यात धरून ओढायच्या. आणि कापडाची रुंदी चार बोटे! आत्या एका म्हाताऱ्या विणकरासमोर मटकन खाली बसली. त्यांचे नाव क्वाबेना. तिने ती पट्टी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, वीण मोजली, आणि तिचा चेहराच उतरला.

"बाप्पा! इतकुशी पट्टी? याच्यात कोनाचं काय झाकंल वं? मोठा माग घ्यायची ऐपत नसन बिचाऱ्याची. हात पाह्य ना कसा आहे त्याचा, सोन्यासारखा." मग माझ्याकडे वळून, "सांग त्याले. माह्या घरी भला मोठा माग रिकामा उभा आहे. घेऊन जाय म्हणा. देल्ला तुले."

काका, दुभाषी मीच होते. मी इंग्रजीत सांगायचे आणि क्वेसीने त्यांच्या भाषेत. 'आत्या म्हणते, कापड छान आहे' एवढे म्हणून मला मोकळे होता आले असते. भैय्याजी मागून तेच खुणावत होते. पण दुसऱ्याच्या तोंडचा शब्द आपण बदलायचा? मी जसेच्या तसे सांगितले, 'बिचारा' तेवढा गाळला. (त्याची टोचणी अजून आहे.)

क्वाबेनाआजोबा उठून उभे राहिले. त्यांनी दोघाचौघा वडीलधाऱ्यांना बोलावले. मागाची रुंदी विचारली, आत्याने दोन्ही हात पसरून दाखवली. ते ऐकून सगळे हळहळले. तुमच्याकडची माणसे इतकी जाड असतात का, आणि बाईला एवढ्या मागावर एकटीला राबवता का, असे त्यांनी क्वेसीतर्फे विचारले. मग एकाने थोडी दारू जमिनीवर शिंपडून पूर्वजांना कळवले, आणि आजोबांनी आभाराची म्हणून एक सीलबंद बाटली दोन्ही हातांनी आत्याला दिली. क्वेसीने समजावले की त्यांच्यात वडीलधाऱ्यांसमोर अशी आभाराची भेट घेतली की दान पक्के होते, मग ते मागे घेता येत नाही. आत्याने बाटली डोळ्यांना लावली. आपल्या घराण्यात दारूला शिवलेली ती पहिलीच बाई, आणि तीही इतक्या श्रद्धेने.

बसमध्ये बसल्यावर पार्वतीबाईंनी खुलासा केला. त्या पट्ट्या मुद्दामच अरुंद विणतात, आणि मग एकीला एक जोडून भलेमोठे वस्त्र शिवतात. आजोबांचे दुमजली घर आहे आणि मुलगा कॅनडात आहे. मला रडू यायचे बाकी होते. आत्या शांतपणे म्हणाली, "आता काय? देल्लं ते देल्लं."

येताना विमानतळावर मी बाटली जाहीर करायला लाल फाटकातून गेले. कस्टमवाल्या साहेबांनी विचारले, पिणार कोण? मी म्हणाले, कोणी नाही, ही मागाची आहे. त्यांनी जाऊ दिले. बाटली आता आमच्या देवघराशेजारच्या फळीवर आहे आणि बाबा तिकडे जरा जास्तच फेऱ्या मारतात.

तर काका, होकार मिळाला. फक्त माग आता आत्याचा नाही, तुमचा नाही, आणि रिसॉर्टलाही देता येणार नाही, कारण दुसऱ्याची वस्तू आपण कशी देणार? तुम्हीच शिकवले आहे. सगळ्यांना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक (शब्दशः),
धनश्री

ता.क. १: क्वाबेनाआजोबा माग न्यायला कधी येणार, हे मी क्वेसीला फोनवर विचारले. तो बराच वेळ हसला. आजोबा विमानात बसत नाहीत, मुलाकडे कॅनडालाही गेले नाहीत. पण त्यांनी निरोप ठेवला आहे: मी येईपर्यंत माझा माग उघडा ठेवू नका, त्यावर सूत असू द्या. म्हणजे कोणीतरी विणत राहिले पाहिजे. कोणी, ते त्यांनी सांगितलेले नाही. आत्या म्हणते, आता इलाज नाही, दुसऱ्याची अमानत आहे.

ता.क. २: हे लिहिताना एक गोष्ट आठवली आणि ती न कळवणे बरे नाही. बॉनवायरला पोचायच्या आधी बसमध्ये क्वेसीने पट्ट्या जोडून वस्त्र कसे करतात, हे सगळे सांगितले होते, आणि मी ते शब्दन्‌शब्द आत्याला मराठीत सांगितले होते. (अंगणातले रंग पाहून मी स्वतः ते साफ विसरले.) ती मान डोलावत होती. रस्ता खराब होता, त्यामुळेही मान डोलली असेल. मी खात्रीने काही सांगू शकत नाही.

ता.क. ३: रिसॉर्टच्या माणसाला कृपा करून नाही म्हणून कळवावे, आणि पुढच्या खोलीतला तुमचा कूलर व कांद्याची पोती तेवढी हलवावीत, एवढीच विनंती. आत्याने हे पत्र वाचले, "बराबर लिवलं" म्हणाली, आणि पिशवी घेऊन उमरेडच्या बसला गेली सुद्धा. पोस्ट उद्या उघडेल, म्हणजे ती पत्राच्या आधी पोचणार. तरी ती दारात दिसेल तेव्हा पत्र आधीच वाचल्यासारखे वागावे.