नत्थुजींच्या पॅनलचा पिवळा सूर्य

अमरावती, दि. १६ मे

चि. भगवंत यास मोठ्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? आईचा खोकला थांबला का? कौशल्याला म्हणावं, उन्हात झेंडू तोडायला जाताना डोक्याला ओला दुपट्टा बांधत जा. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी, तुझी हर्षा आणि शाई. तिघींत शाईची प्रकृती सर्वांत उत्तम आहे, तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिते. (पत्र कशाला, फोन का नाही, असं विचारशील. फोनवर तू दुसऱ्या वाक्याला "बरं, ठेवतो" म्हणतोस. म्हणून तुझ्याच फुलांच्या टेम्पोवाल्याजवळ हे देते आहे.)

तर, परवा तू म्हणालास की टी-शर्टांचं प्रकरण अंजनगावच्या पानठेल्यापर्यंत पोचलं, लोक हसतात, तेव्हा रविवारी येतो आणि पोरीला घेऊन जातो, दर्यापूरचं स्थळही थांबलेलं आहे. तुझा फोन झाल्यावर हर्षानं बॅग भरून दाराशी ठेवली. मी येता-जाता त्या बॅगेला अडखळते. तिला नेण्याआधी तिनं माझ्या दुकानाचं काय केलं ते नीट वाच, म्हणजे बहिणीनं लपवलं असं तू म्हणायला नको.

तुझे भाऊजी गेल्यापासून मी एकटी टी-शर्ट छापते. स्क्रीन ठेवायची, डब्यातली शाई ओतायची, रबर ओढायचं, गरम प्रेसखाली दाबायचं, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. हर्षा कापडाचा डिप्लोमा घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं की ही शाई म्हणजे पातळ केलेलं प्लास्टिक. म्हणजे इतकी वर्षं मी लोकांच्या छातीवर प्लास्टिक थापत होते आणि एकाही छातीनं कधी तक्रार केली नव्हती. डबे मागच्या खोलीत गेले. त्यांच्या जागी हळद, झेंडू, डाळिंबाची सालं आणि घट्टपणासाठी गवारीच्या बियांचं पीठ आलं. दुकान आहे की फोडणीची तयारी, हे गिऱ्हाइकाला कळेना. वर तिचा आग्रह की, "आत्या, हे शाई चाटून पाय, काई होत नाई." मी चाटली. काही झालं नाही, पण चाटण्यासाठी कोण टी-शर्ट घेतं, हे तिला विचारायचं राहिलं.

ही शाई पाण्यातली. अमरावतीच्या मे महिन्यात ती दोन हात मारेपर्यंत जाळीतच वाळते आणि भोकं बुजतात. उपाय म्हणून छापायचं टेबल कूलरसमोर सरकलं. दुकानात कूलर एकच, आणि आता तो शाईला आहे. मी बाहेर पायरीवर पुठ्ठ्यानं वारा घेते. काळ्या रंगासाठी अंगणात एक पिंप मांडलं, त्यात गंजके खिळे, बैलांचे जुने नाल आणि तीन किलो गूळ. आठ दिवसांत त्याला असा वास सुटला की शेजारचे किशोरभाऊ (माळकरी माणूस) दिवेलागणीला हळूच येऊन विचारून गेले, घरच्या घरीच काढता का. शिवाय गुळामुळे मुंग्या. एका शाळेच्या शर्टांवरची अक्षरं त्यांनी रांगेत उभं राहून वाचली म्हणतात.

आता नत्थुजी. जवळच्या एका गावच्या सोसायटीची निवडणूक होती. एका पॅनलचे पुढारी हे नत्थुजी, त्यांचं चिन्ह सूर्य. समोरच्या पॅनलचं चिन्ह टोमॅटो. (चिन्हं कोण वाटतं मला माहीत नाही, पण त्याला भूक लागलेली असावी.) नत्थुजींना पांढऱ्या टी-शर्टावर मोठा पिवळा सूर्य हवा होता, दीडशे नग. हर्षानं सूर्य काढला तो बिनकिरणांचा, कारण हल्ली साधं चालतं. रंग अस्सल हळदीचा. छापण्याआधी तिनं एक शर्ट धुऊन पाहिला, सात वेळा, प्रत्येक वेळी रिठ्यानं. सूर्य जरा फिका झाला, बाकी तसाच. पोरगी खूश. या अख्ख्या जिल्ह्यात रिठ्यानं कपडे धुणारं ती एकच माणूस आहे, हे तिच्या डिप्लोम्यात कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी शर्ट वाटले. मंगळवारी कार्यकर्ते ते घालून धुरळ्यात फिरले. बुधवारी त्यांच्या बायकांनी साबण घासून, वर मूठभर धुण्याचा सोडा टाकून धुतले. नळाला पाणी चार दिवसांआड, तेव्हा खळबळून कोण काढतं? गुरुवारच्या मिरवणुकीला दीडशे माणसं निघाली, आणि दीडशे छात्यांवर गोल, लालभडक, बिनकिरणांचा टोमॅटो. समोरच्या पॅनलला वाटलं, हे सगळे फुटून आपल्याकडे आले. त्यांनी चौकात हार घातले, गुलाल उधळला, आणि दोघा-तिघांना इतकं बरं वाटलं की ते खरंच तिकडे राहिले. आपल्याकडे पक्ष बदलायला माणसाला निदान एक रात्र तरी लागते, या टी-शर्टांना एक बादली पुरली.

दुपारी नत्थुजी गाठोडं घेऊन दुकानात. "चंदाबाई, आमी पिवये होतो, लाल काहून झालो?" मी धंद्यातलं माझं जुनं उत्तर काढलं, की साबण कोणता वापरला. हे उत्तर आजवर कधी वाया गेलेलं नाही, गिऱ्हाईक घरी जाऊन बायकोवर ओरडतं आणि आपण सुटतो. तेवढ्यात तुझी लेक कूलरसमोरून उठली आणि सरळ म्हणाली, "साबणाचं काई नाई, काका. चूक माही हाय. म्या सोड्यात धुवून पाह्यलंच नाई. मतदानाच्या आंधी समदे पिवये करून देतो." भरल्या दुकानात. नत्थुजी भांडायच्या तयारीनं आले होते, त्यांना हात कुठे ठेवावेत कळेना. तिनं चिंचेचं पाणी केलं, एक शर्ट त्यात बुडवला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत टोमॅटोचा सूर्य झाला. मग दोन दिवस गच्चीवर टब मांडून तिनं एकेक शर्ट बुडवला, वाळवला, घडी घातला. बोटांची साल निघाली. शनिवारी दुपारी दीडशे सूर्य गाठोड्यात बांधून ती स्वतः एसटीनं पोचवून आली.

तर अशी तुझी लेक. गिऱ्हाइकाला खरं सांगते, दुकानाची रीत मोडते, पदरची चिंच घालते. अशा पोरीचं व्यापारात कसं व्हावं? तेव्हा रविवारी ये आणि घेऊन जा, मी अडवणार नाही. आईला नमस्कार, कौशल्याला आशीर्वाद.

तुझी मोठी बहीण,
चंदा

ता. क. नत्थुजी अकरा मतांनी पडले. टी-शर्टांमुळे नाही, गाव त्यांना ओळखतं. काल ते पुन्हा आले होते. पुतण्याच्या हळदीसाठी साठ शर्ट पाहिजेत म्हणाले, आणि "त्या पोरीच्याच हातचे".

ता. क. दुसरा. रविवारी येशील तेव्हा झेंडूची दोन पोती आण, सुकलेला चालेल. येताना टेम्पो भरून ये आणि जाताना रिकामा ने. दर्यापूरच्या स्थळाला म्हणावं, मुलगी कामात आहे.

ता. क. तिसरा, आणि हा कौशल्यालाही वाचून दाखवू नकोस. हळदीला सोडा लागला की लाल होते, हे मला माहीत होतं. लग्नघरची पातळं धुतलेल्या कुठल्या बाईला माहीत नसतं? ती रिठ्यानं धुऊन पाहत होती तेव्हा मी पायरीवर बसून बघत होते. बोलले नाही. माझ्या शाईला प्लास्टिक म्हणाली होती, एकदा तोंडावर पडू दे, असं मनात आलं. दीडशे नगांची ऑर्डर मी त्यासाठी तशीच जाऊ दिली. आणि नत्थुजींसमोर ती "चूक माही हाय" म्हणाली तेव्हाही मी शेजारीच उभी होते. मला माझी लाज वाटते, भगवंत. पोरगी तिकडे भरलेली बॅग पाहत बसली आहे, दहा पावलांवर, आणि मला तिच्याजवळ जाऊन एवढं सांगवत नाही. हे पत्र मिळालं की तिला फोन लाव आणि एवढाच ता. क. तिला वाचून दाखव. मी तेव्हा दुकानातच असेन.