कपाळावरचा वण आणि पोटावरच्या रेघा

आई, दादरच्या एका दवाखान्यातल्या सोफ्याविरुद्ध मला तुझ्यापुढे रीतसर फिर्याद मांडायची आहे. दवाखाना कातडीच्या डॉक्टरांचा, म्हणजे वण, डाग, सुरकुत्या घालवून देणाऱ्यांचा. सोफा असा, की बसलं की गुडघे हनुवटीला येतात आणि उठायला दुसरं माणूस लागतं. तिथे येणाऱ्या निम्म्या बायका नुकत्या बाळंत झालेल्या. त्यांच्यासाठी असलं आसन मांडणं हा मला सरळसरळ कट वाटतो. तुझ्या नातीने, माझ्या लेकीने, एका हाताने बाळ सावरलं, दुसऱ्याने मला ओढून काढलं, तेव्हा कुठे आम्ही आत पोचलो.

तिला पोटावरच्या रेघा घालवायच्या आहेत. बाळंतपणानंतर राहतात त्या, जांभळट, माशाच्या खवल्यांसारख्या चकाकणाऱ्या. डॉक्टरांनी तिला तपासून एक ट्यूब लिहून दिली आणि मग वाकून माझ्या उजव्या भुवईच्या वर पाहिलं. म्हणाले, आजी, हा वणही जाईल, वरची कातडी हलकेच खरवडतो आम्ही. मी म्हटलं, तो राहू दे, त्याच्यावर माझ्या आईने फार मेहनत घेतलीय.

मेहनत म्हणजे काय, ते त्या डॉक्टरला काय कळणार. बाबा सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळे गिरगावातल्या आपल्या दोन खोल्यांत संयुक्त महाराष्ट्र हे शब्द दार लावूनच उच्चारले जायचे. बाहेर अख्खी चाळ घसा फोडून तेच ओरडत होती. त्या दुपारी मोर्चा आपल्या चाळीखालीच अडला. अश्रुधुराने माणसं डोळे चोळत भिंतींना टेकली होती, आणि मी तुला न विचारता पाण्याची कळशी घेऊन उतरले. मग लाठीमार झाला. खरं सांगायचं तर लाठी लागली कळशीला आणि कळशीचा काठ लागला मला. पण इतके बारकावे इतिहासात कोण विचारतो. तू जखम धुतलीस, हळद दाबलीस आणि म्हणालीस, हातावर नाही का लागायचं.

कारण मुलगी लग्नाची आणि वण तोंडावर. तिथून तुझा कारखाना सुरू झाला. लिंबू झालं, सायीत उगाळलेलं जायफळ झालं. कोकणातून मुठेल आलं, कोकमाच्या बियांच्या तेलाचा तो थिजलेला गोळा. रोज संध्याकाळी तू स्टोव्हपाशी बसायचीस, गोळा धगीला धरायचीस आणि माझ्या कपाळावर तुझा अंगठा असा फिरायचा, जसं काही पितळी तांब्याच घासायला घेतलायस. एकदा तू लुगडं बदलत होतीस आणि तुझं पोट दिसलं. बेंबीपासून कमरेपर्यंत पांढऱ्या रेघा. मी विचारलं, हे गं कशाने?

‘तुमच्यामुळे. मोर्च्यात नाही मिळाल्या.’

मग यांना का नाही लावत मुठेल, असं मी म्हटलं.

‘त्यांना बघायला कोण येणारे?’ म्हणालीस आणि निऱ्या खोचल्यास.

मग खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ती डबी दिली, गोरं करणाऱ्या मलमाची. मलम इमानदार निघालं. वण गेला नाही, गोरा झाला. चांगला चवलीच्या नाण्याएवढा पांढराफटक ठिपका भुवईवर बसला आणि नेमक्या त्याच आठवड्यात परळहून मुलाकडची मंडळी मला बघायला आली.

ठरलं होतं असं, की लहानपणी उंबरठ्यावर आपटली म्हणायचं. मोर्च्याचं नाव काढायचं नाही. मुलाचे वडीलही सरकारीच, बाबांचं नाव साहेबापर्यंत जायला वेळ लागला नसता. मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या. मुलाच्या आत्याने मला उजेडाकडे तोंड करायला सांगितलं, बराच वेळ पाहिलं आणि आवाज खाली आणून तुला विचारलं, की घराण्यात अजून कोणाला आहे का, पांढरं. कोड म्हणायचं होतं बाईला. हा शब्द एकदा त्या दारातून बाहेर पडला असता, तर माझंच नाही, पाठच्या धाकट्या बहिणीचंही लग्नासाठी कुणी नाव घेतलं नसतं. बाबा पोह्यांतली मिरची शोधत होते.

तू पदर खांद्यावर ओढून घेतलास.

‘कोड नाही ते. मोर्च्यातल्या माणसांना पाणी द्यायला उतरली होती, तिथे लागलंय. आणि पांढरं झालंय ते माझ्या मलमाने. तुमचे चिरंजीव कुठे होते त्या दिवशी?’

आत्याने मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. मग मुलगाच म्हणाला, ‘माळ्यावर, लपून.’

अगदी सरळ म्हणाला. त्याच्या वडिलांनी बशी खाली ठेवली आणि मंडळी उठली.

बाबांची नोकरी गेली नाही. ते मात्र तुझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत, आणि त्यांच्या ताटात आमटी वाढताना तू पडलेला चेहरा करायचं सोंगसुद्धा करत नव्हतीस. त्यानंतर माझ्या कपाळाला तू कधी बोट लावलं नाहीस. पुढे दुसऱ्या घरून होकार आला तेव्हाही नाही. तुला तेव्हा सांगितलं नाही, पण तो माळ्यावरचा मुलगा मला आवडला होता. एवढं खरं बोलणारा पुरुष त्या खोलीत दुसरा नव्हता.

तर परवा दवाखान्यातून घरी आल्यावर तुझ्या नातीला हे सगळं सांगितलं आणि वर व्याख्यान झोडलं. अंगावरच्या खुणा लाजायच्या नसतात, बायकांच्या कातडीवर धंदा करणाऱ्यांना पैसे कशाला चारायचे, वगैरे. तिने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि शांतपणे म्हणाली, ‘आई, तुला तुझा वण ठेवायचाय तर ठेव. मला माझ्या रेघा नकोत. कोणी बघायला येणारे म्हणून नाही गं. मला नकोत.’

मी व्याख्यान आवरतं घेतलं. त्या आत्याबाईसमोर तू मला माझ्या कपाळासकट उभी केलीस, तेव्हा हा वण घालव म्हटलं असतं, तर मी तरी कोणाचं ऐकून घेतलं असतं?

बाळ झोपल्यावर मी तिला आडवं व्हायला सांगितलं आणि ट्यूबचं झाकण उघडलं. तुझ्या पोटाला कधी कोणी काही लावलं नाही. तुला लावून हवं होतं का, तेही मी विचारलं नाही. माझा हात आता तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून तिच्या पोटावरून सावकाश फिरवला, ती डोळे मिटेपर्यंत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक कबुली द्यायला हरकत नाही. त्या ट्यूबचा वास चांगला आहे, आणि रेघा थोड्या फिक्या झाल्यात का, ते मी आज सकाळी चष्मा लावून बघून आले.