टाकीची काठी आणि आपली बहीण

आदरणीय दादांस (आपण हिचे थोरले बंधू, म्हणून ही म्हणते तेच मीही म्हणतो) नमस्कार.

उत्तराला दोन महिने उशीर झाला, त्याची माफी असावी. पत्र आले त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण टाकी मापायची वेळ झाली म्हणून उठलो आणि मग उठलेलाच राहिलो. आपला गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? तुमच्याकडे नळ सोडला की पाणी येते असे ही सांगायची. माझा विश्वास बसत नाही, पण आनंद आहे.

इथे बेटावर पावसाळ्यात छपरावरून उतरेल तेवढेच पाणी. ते पन्हळीतून स्वयंपाकघराखालच्या टाकीत जाते आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवायचे असते. गेल्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला, त्यामुळे थंडी सरल्यापासून माझ्या जिवाला घोर. टाकी मापायची काठी इथे घरोघरी असते. लोक ती महिन्यातून एकदा बुडवतात. (लोकांचे काय, लोकांना झोपही लागते.) मी दिवसातून पाचदा बुडवू लागलो. लाकडी काठी तरंगते, तळाला टेकली की नाही याचा भरवसा नाही, म्हणून लोहाराकडून तिला वीतभर लोखंडी टोक बसवून घेतले. ‘टक्’ वाजले म्हणजे टेकली. एकदा वाजून माझे समाधान होत नाही, म्हणून तीनदा.

घरात नियम केले. आंघोळ घमेल्यात उभे राहून, तीन तांबे. तेच पाणी कपड्यांना, कपड्यांचे फरशीला, फरशीचे संडासात. हिने सगळे पाळले. एवढेच म्हणाली, “तुम्ही रिटायर झालात, या घरातल्या पाण्याला मात्र सुटका नाही.” तरी पातळी रोज दोन बोटे जास्तच उतरायची. (मी पाचवीपर्यंतच शिकलो, पण त्रैराशिक मला येते.) घरात माणसे दोन. त्यातला एक मी. मग उरले कोण? मी न्हाणीघराबाहेर उभा राहून तांबे मोजू लागलो. आतून ही ओरडली, “चौथा घेते आहे हो, पोलिसांना बोलवा!” घेतले होते तीनच, हे मला नंतर घमेल्यावरून कळले. शेजारच्या शिंपीणबाईंना ही चोरून पाणी देते असाही मला संशय आला आणि तो मी बोलून दाखवला. दुसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणाला कुलूप घातले, किल्ली कमरेला. सकाळी हिने चहाचे भांडे माझ्यापुढे धरले तेव्हा मी विचारले, “कशाला हवे?” एवढेच विचारले, दादा. तिने भांडे पालथे घातले, पिशवी भरली आणि लाँच गाठली. शिंपीणबाईंना सांगून गेली, “दादाकडे जाऊन जरा डोक्यावरून न्हाऊन येते.” त्याला आज एकोणीस दिवस झाले. इतके केस नाहीत तिला.

ती गेल्यावरही पाणी दोन बोटे जास्तच उतरत राहिले. आठ दिवस मी स्वतःवर नजर ठेवली. (मीही निर्दोष निघालो.) शेवटी गवंडी बोलावला. तो टाकीत उतरला, तळावर हात फिरवला आणि वर बघून म्हणाला, “आजोबा, इथे रोज पहार कोण मारतं?” मूठ मावेल एवढा खळगा, खळग्याला तडा आणि तड्यातून आमचे पाणी वाळूत. दिवसाला पंधरा टोले, तेही एकाच जागी, कारण झाकणाचे तोंड लहान. बुजवायचे तर टाकी कोरडी हवी. शिंपीणबाई न बोलावता आल्या, त्यांनी गल्लीतली भांडी गोळा केली आणि तीन दिवस आमचे पाणी पाच घरांत मुक्कामाला राहिले. परत आले तेव्हा थेंब कमी नव्हता असे त्या म्हणतात. मी मापले नाही. काठी गवंड्याने मोडून टाकली.

आता टाकीतले पाणी उतरत नाही म्हटले तरी चालेल. एकट्याला लागते किती? काल आंघोळ करून आलो, तर फरशी कोणी पुसायची म्हणून घमेले तसेच भरलेले पडले आहे.

तर एकंदर आमचे ठीक चालले आहे. पाण्याची काळजी मिटली हे कळवण्यासाठीच हे पत्र. वहिनींना नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. गवंड्याचे हिला सांगू नये. टाकीला ओल धरली होती, एवढेच म्हणावे.

आणखी ता. क. शिंपीणबाईंनी तिला परस्पर सगळे कळवले आहे असे आत्ताच समजले. तरी आपण पुन्हा सांगावे आणि ‘माझे चुकले’ हेही माझ्या वतीने म्हणावे. मला तोंडावर जमणार नाही.

शेवटचे ता. क. माणसांची लाँच दुरुस्तीला गेली आहे, पाऊस लागेपर्यंत येत नाही. टंचाई म्हणून या महिन्यापासून सुरू झालेली पाण्याची लाँच तेवढी गुरुवारी येते, घरटी एक पिंप. तीत माणूस घेत नाहीत. घेतलाच, तर त्याच्या वजनाचे पाणी तिकडे धक्क्यावर उतरवावे लागते. ती चालवणाऱ्या सारंगाला जाऊन भेटलो. कोणाच्या वाटणीचे उतरवू म्हणाला. मी म्हटले, माझ्या. त्याने माझ्याकडे दोनदा पाहिले आणि बाईंचे वजन विचारले. मी म्हटले, अख्खे पिंप उतरव, मोजत बसू नकोस. तरी कोणत्या गुरुवारी, तेवढे लगेच कळवावे.