विरोधासह मंजूर

पलूस

तीर्थरूप उदयसिंहदादांस जयराजचा साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे तूर्त कागदावरच). वहिनींचा रक्तदाब उतरल्याचे समजले, समाधान वाटले. आपलाही उतरावा म्हणून आनंदाची बातमी आधीच लिहितो: आमच्या मत्स्यसंस्थेचा व्हिएतनामच्या कंपनीशी भागीदारीचा करार झाला, आणि तो मी सचिव असताना झाला. 'उसाच्या गावात मासे' म्हणून कराडातील ज्या मंडळींनी आमची थट्टा केली, त्यांना हे वाक्य वाचून दाखवावे. दोनदा दाखवले तरी हरकत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात लिहितो (थोडक्यात लिहिणे मला जमत नाही, असे आपली बहीण, म्हणजे आमची सौभाग्यवती दीपमाला म्हणते, ते अंशतः खरे आहे). उसाला पाणी पाजून पाजून आमची नदीकाठची राने क्षारपड झाली. तेथे आता गवतही भीत भीत उगवते. चिलापी मासा मात्र सुखाने वाढतो. जमीन आमची; मत्स्यबीज, खाद्य व परदेशातील बाजारपेठ कंपनीची, असा हा मेळ. त्यासाठी कंपनीच्या लानबाई दुभाष्यासह येथे आल्या. त्यांची अट एकच: सभासदांची खरी संमती, तीही त्यांच्या डोळ्यांदेखत. मागे दुसऱ्या एका देशात लोकांनी माना डोलावल्या आणि तळी बांधून झाल्यावर पाणी अडवले, असा त्यांना अनुभव होता.

येथेच घोटाळा झाला. आमचे सभासद साखर कारखान्याच्या वार्षिक सभांत तयार झालेले. लानबाईंसमोर भरवलेल्या सभेत मी दुखवट्याचा ठराव वाचू लागलो, तर 'दिवंगत' हा शब्द पुरा होण्याआधीच मंडप 'मंजूर, मंजूर' म्हणून दुमदुमला. भागीदारीच्या ठरावाला तर मी चष्मा लावण्यापूर्वीच मंजुरी मिळाली. लानबाईंनी कागद आवरले. दुभाष्याने सांगितले की, न ऐकता दिलेली संमती कंपनी धरत नाही. विरोधात बोलणारा एक तरी सभासद दाखवा, नाहीतर बाई उद्या परत जातील.

मी चहापानाची सुट्टी जाहीर केली आणि आकारामला गाठले. (हा गृहस्थ टपरीवर बसून पावसाचाही निषेध करतो.) मंडपामागे त्याच्याकडून विरोधाचे मुद्दे पाठ करून घेतले, कोणत्या वाक्यानंतर उठायचे तेही ठरवून दिले. ठराव पुन्हा वाचला. आकाराम वेळेवर उठला, छाती भरून श्वास घेतला आणि सवयीने 'मंजूर' म्हणून खाली बसला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने दीपमाला उभी राहिली. (माझ्या वडिलांनी ओढ्याकडचा तुकडा तिच्या नावे केल्यामुळे ती सभासद आहे, हे मला त्या क्षणापर्यंत केवळ कागदोपत्री ठाऊक होते.)

"आवं सचिवसाहेब," ती म्हणाली (घरी असे कधी म्हणत नाही), "ह्या बाई उद्या निघून गेल्या तर एवढं मासं खायाचं कुणी? निम्मं गाव माळकरी. आन् तळ्याचं खारं पाणी सोडणार कुठं? शेजाऱ्याच्या रानात?"

मी ही हरकत नियमबाह्य ठरवणारच होतो. पण लानबाई खुर्ची ओढत तिच्याजवळ जाऊन बसल्या. मग दोघीच बोलत राहिल्या. दुभाष्याला घाम फुटला, आणि आमच्या सभासदांनी आयुष्यात प्रथमच एक ठराव शेवटपर्यंत ऐकला. सर्व माल कंपनीने उचलायचा आणि खाऱ्या पाण्यासाठी बंद पाइपलाइन कंपनीने टाकायची, अशी दोन कलमे वाढली. आकारामलाही कंठ फुटून त्याने एक शंका विचारली. लानबाईंनी सही केली, दीपमालाला मिठी मारली, माझ्याशी हस्तांदोलन केले. इतिवृत्तात मी लिहिले: विरोधासह मंजूर. असा ठराव या भागात पूर्वी झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सभेच्या नियोजनाचे श्रेय कोणाचे, हे मीच लिहिणे बरे दिसत नाही. आपण कराडात बोलता बोलता सांगावे.

आपला,
जयराज

ता. क. पाइपलाइन दीपमालाच्या तुकड्यातूनच न्यावी लागणार, दुसरी वाट नाही. ती नाही म्हणते. लानबाई बीज घेऊन येण्याआधी तिची सही हवी, नाहीतर करार रद्द. आपण सुभेदार होता, शिवाय तिचे थोरले बंधू. येत्या रविवारी जेवायला येऊन तिची समजूत घालावी. पत्र खरे तर याचसाठी.

ता. क. २ हे पत्र दीपमालाने आताच वाचले. तिचे म्हणणे, खुशाल बोलवा, दादा माझ्याच बाजूने बोलणार. तसे असल्यास रविवारी येऊ नये, ही नम्र विनंती.