सोप्यातली सायकल आणि माझे सामायिक

सांगली, १२ जुलै १९७६
पंचपरमेष्ठींना वंदन. त्यांच्या स्मरणाने चित्त शांत होवो — कारण आज ते शांत नाही. घराच्या पुढल्या सोप्यात सायकल आली आहे!

नात राजमती पोहणारी. खांदा दुखावल्याने सध्या पाणी बंद. ऑगस्टात साताऱ्यास स्पर्धेसाठी निवडचाचणी आहे. तोवर दम टिकावा म्हणून तिचे शिक्षक, निवृत्त सुभेदार हंबीरराव, यांनी सायकल स्टँडवर चढवली. मागचे चाक अधांतरी; त्याला जुन्या ट्यूबची पट्टी घासत बांधली — पाण्यासारखे जड जावे म्हणून. ‘आवं अण्णा, खांद्याला इसावा, पायाला न्हाई,’ असे मला समजावून गेले.

चातुर्मासात साधूंना विहार, म्हणजे गावोगाव फिरणे, वर्ज्य. ही सायकल ते व्रत तंतोतंत पाळते. शिवाय पोहताना पाण्यातल्या असंख्य जलकायिक जीवांची विराधना, म्हणजे हिंसा, होते. इथे एकाचीही नाही. शास्त्रदृष्ट्या पोहण्याचा हाच प्रकार मला निर्दोष वाटतो. तसे राजमतीस सांगितले. ती हसली नाही. तिला धाप लागली होती.

१५ जुलै
पाय किती वेळ मारायचे? सोप्यात घड्याळ नाही. हंबीररावांचा तोडगा — अज्जांचे, म्हणजे माझे, सायंकाळचे सामायिक होईतोवर. त्या ध्यानात मी मुहूर्तभर, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, डोळे मिटून, मौन धरून आसनावर बसतो. मी उठलो की तिने उतरायचे. एकीकडे समता, दुसरीकडे घरघर!

२२ जुलै
आसनावर डुलकी लागली. जागा झालो तो दिवेलागण उलटलेली, आणि चाक फिरतेच आहे. सूर्यास्तानंतर आम्हा जैनांना जेवण वर्ज्य, म्हणून दोघेही जेवणाविना. ‘अज्जा, तुमची समाधी माझ्या पोटावर आली,’ म्हणाली.

३० जुलै
जिनपालने — माझा पुत्र, तिचा पिता — आज निश्चय सांगितला. निवड झाली तर पोहावे. न झाल्यास पोहणे संपले, दिवाळीनंतर लग्न. त्याने तिला पोहताना कधी पाहिलेले नाही; हळदीच्या सौद्यांतून त्यास सवड कुठली! राजमतीने उठून चाकाची पट्टी आणखी आवळली.

८ ऑगस्ट
मिरजेकडचे रायगोंडा पाटील तिला पाहण्यास आले — ठरल्या वेळेच्या फार आधी! मी आसनावर, मौनात. ती सायकलवर, घामाने निथळत; अज्जा उठल्याविना उतरणार नाही. जिनपाल घसा खाकरून दमला.

पाटलांच्या पत्नी पद्मावतीबाई सायकलभोवती फिरल्या असाव्यात. बांगड्यांचा आवाज माझ्या पाठीमागून गेला.

‘पोरी, निघालीस कुठं?’

‘साताऱ्याला, मावशी.’

‘मग पोचशील कवा?’

‘अज्जा उठले की.’

मुहूर्त केव्हाच सरला होता. मला ते ठाऊक होते. तरी उठलो नाही. पाहुणे बिचकून जातील, असा माझा हिशेब. याचे प्रायश्चित्त घ्यायला हवे. अद्याप घेतलेले नाही.

१३ ऑगस्ट
पाटलांचा होकार! एवढी चिकाटी असलेली मुलगी हातची जाऊ द्यायची नाही, असा त्यांचा निरोप. मात्र लग्नानंतर पोहणे नको. माझी युक्ती माझ्याच अंगावर आली. आता सारे निवडीवर.

२१ ऑगस्ट
राजमती हंबीररावांबरोबर साताऱ्यास गेली. जिनपालही गेला — निवड न झाल्यास परतताना पाटलांकडे उतरून लग्नाचा शब्द द्यायचा म्हणून. सोपा निःशब्द. अशा शांततेसाठी महिनाभर कुरकुरलो. आज मन आसनावर क्षणभर टिकेना.

२२ ऑगस्ट
निवड झाली नाही. अर्ध्यावर खांदा गेला. एका हाताने, सर्वांत शेवटी काठ गाठला.

जिनपाल पाटलांकडे उतरूनच घरी आला — नकार देऊन! कारण पुसले. टोपी हातात फिरवत म्हणाला —

‘अण्णा, बाकीच्या पोरी अंग पुसून उभ्या. ही एकटीच पाण्यात. पंच म्हणाले, बाळ, वर ये. ही आली न्हाई. मी काठावर होतो.’

एवढे बोलून आत गेला.

हे पान कधी कोणी उघडले तर त्याचे कल्याण होवो. आणि त्याच्याही घरी लेकीकडे एकदा तरी डोळे भरून पाहणारा बाप असो.